तृप्तीची अकरा हजार उत्तरे

तालुक्याच्या वार्षिक शैक्षणिक अहवालात, पान सतरावर, असे नमूद आहे की ‘संवादी डिजिटल फलकामुळे अध्यापन विद्यार्थिकेंद्री झाले असून विद्यार्थी स्वयंप्रेरणेने ज्ञाननिर्मिती करीत आहेत.’ या वाक्यातला ‘फलक’ हा शब्द खरा आहे. फलक होता. दिंडोरीच्या पश्चिमेला, जिथे द्राक्षबागा संपून डोंगर सुरू होतो, तिथल्या एका दोनशिक्षकी शाळेत तो भिंतीवर होता, चौकटीवरच्या प्लास्टिकच्या वेष्टनासह. उरलेल्या वाक्याबद्दल मात्र मुख्याध्यापक धनराज सरांना विचारणे योग्य ठरेल. कारण फलकाच्या खोलीची किल्ली त्यांच्याच जानव्याला असे.

सरांची बदली ओझरला व्हायची होती. पत्नी रूपाली तिथे नोकरीला, मुलगी तिथेच शाळेत. गेली सहा वर्षे सर आपल्या संसाराला फक्त रविवारी भेटत आले होते. आदेश मार्चअखेर निघणार होता, पण शाळेतल्या प्रत्येक वस्तूचा चार्ज बिनतक्रार दिल्याशिवाय कार्यमुक्ती नाही. आधीच्या मुख्याध्यापकांची बदली एका पृथ्वीगोलापायी आठ महिने अडली होती: चार्ज देताना पृथ्वी सापडली, तिचा स्टँड सापडला नाही. स्टँडची ही कथा, तर पाऊण भिंत व्यापणाऱ्या काचेची काय असेल? सरांनी जूनमध्येच निर्णय घेतला की मुलांनी फलकाला हात लावायचा नाही. खंडेनवमीला त्याला हार घातला गेला आणि चौकटीवर कुंकवाचे बोट उमटले. त्या दिवसापासून मुले दाराशी चपला काढून त्याच्या पाया पडू लागली.

सहशिक्षिका तेजस्विनी मॅडमनी दोनदा विचारले की अपूर्णांक त्याच्यावर शिकवू का. सर म्हणाले, धूळ बसेल. मॅडम म्हणाल्या, धूळ तशीही बसतेच. यावर सरांनी मध्यान्ह भोजन शिजवणाऱ्या कुसाबाईंना रोज दोनदा काच पुसण्याचे काम दिले.

एवढ्यावर भागले असते. परंतु फलक रोज चार तास वापरात हवा, त्याची नोंद यंत्रच परस्पर वर पाठवील, असे परिपत्रक दसऱ्यानंतर आले. सरांनी त्यातून काढलेला मार्ग प्रशासकीय प्रतिभेचा नमुना मानावा लागेल. परिपाठ झाला की ते फलक सुरू करत, हजेरीपटावर पहिली असलेल्या चौथीतल्या तृप्तीच्या नावाने प्रश्नमंजूषा उघडत आणि खोलीला कुलूप लावत. फलक आत एकटाच विद्यार्थिकेंद्री होत राही. कुसाबाई भात चढवण्याआधी एकदा आणि भांडी घासल्यावर एकदा किल्ली मागून नेत.

फेब्रुवारीत पत्र आले की तृप्तीने अकरा हजार दोनशे प्रश्न अचूक सोडवले असून ती तालुक्यात पहिली आहे. विस्तार अधिकारी यादव साहेब चाळीस शिक्षकांसह तिचे प्रात्यक्षिक पाहायला येतील. सर चकित झाले, साशंक झाले नाहीत. आकडा वरून आला होता. वरून आलेल्या आकड्यावर शंका घेण्याची सवय त्यांना सेवेच्या पहिल्याच वर्षी मोडावी लागली होती. कुठल्या तरी शाळेचा हिशेब चुकून आपल्या पदरात पडला असेल, असे म्हणून त्यांनी पेढे मात्र मागवले.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी तृप्ती नवा फ्रॉक घालून आली, दाराशी चपला काढल्या, फलकाला नमस्कार केला आणि सहा फूट अंतरावर उभी राहिली.

“बाळ, पुढे हो. उत्तराला बोट लाव,” यादव साहेब म्हणाले.

“शिवायचं नाय त्याला,” तृप्ती म्हणाली. “निस्तं पाया पडायचं. सर वरडत्यात.”

चाळीस शिक्षकांनी सरांकडे पाहिले. सरांनी घाईघाईने खुलासा केला की मुलगी लाजते आहे, शिवाय काचेवर धूळ दिसते. कुसाबाई, जरा पुसून घ्या. वेळ काढण्यासाठी माणूस आयुष्यभराच्या सवयीकडे धावतो, तसे हे झाले.

कुसाबाईंनी पदर खोचला आणि डावीकडून उजवीकडे फडके फिरवले. प्रश्नाखालचे चारही पर्याय त्याच्या वाटेत होते. चूक उत्तरांवर यंत्र नुसतेच लाल होई आणि पुन्हा संधी देई; बरोबर उत्तरावर फडके पोचताच ते मंजुळ आवाजात बोलले, “शाब्बास, तृप्ती!” दुसरा हात फिरला. “शाब्बास, तृप्ती!” तृप्ती हात जोडून सहा फुटांवर उभीच होती. एका पुसण्यात एकोणसाठ प्रश्न सुटले, त्यांत तीन अपूर्णांकांचे होते.

मागून तेजस्विनी मॅडमचा आवाज आला, “माझ्या वर्गात तसल्या तीन प्रश्नांना सात दिवस लागतात.”

यादव साहेबांनी सावकाश चष्मा काढला. तालुक्याच्या त्या वार्षिक अहवालावर सही त्यांचीच होती. त्यांनी कुसाबाईंना विचारले, शिक्षण किती झाले.

“शाळा नाय शिकले, साहेब,” कुसाबाई म्हणाल्या. “पण एक डाग ठेवत नाय.”

बदलीच्या यादीतून धनराज सरांचे नाव त्याच आठवड्यात वगळले गेले आणि तीन दिवसांत लेखी खुलासा मागवण्यात आला. रूपालीताईंनी फोनवर एवढेच विचारले की या वेळी कशाचा स्टँड हरवला. सर म्हणाले, कशाचाच नाही; त्या शाळेतली एकही वस्तू हरवली नव्हती, फुटली नव्हती, झिजलीही नव्हती. तेच त्यांनी कार्यालयाला कळवले. पदरचा एकही शब्द न घालता त्यांचा खुलासा देतो:

‘दहा महिन्यांत एकाही विद्यार्थ्याचा हात सदर फलकास लागलेला नाही, हे मी मान्य करतो. विद्यार्थ्यांनी तो वापरला असता, तर तो विद्यार्थ्यांच्या वापरासाठी सुस्थितीत राहिला नसता.’