पिकअपमधली टकटक आणि आपला माणूस

बिघडलेली वस्तू नीट करणे ही जगातल्या मागासलेल्या भागांची पद्धत आहे. आमच्या उंब्रजला आधी माणूस ठरतो, मग वस्तू उघडली जाते, आणि बिघाड नेमका काय होता याची चौकशी पुढे सवडीने होते. या पद्धतीत आजवर कोणाचेही नाते तुटलेले नाही. (वस्तूंची नोंद ठेवलेली नाही.)

माणूस म्हणजे आपला माणूस. मी जिल्हा परिषदेत तीस वर्षे वरिष्ठ लिपिक होतो, त्यामुळे व्याख्या करून ठेवलेली बरी. जो नात्यातला असतो, जो काम ऐकण्याआधीच ‘त्याला काय लागतंय!’ म्हणतो, आणि ज्याच्या हातातून वस्तू परत मागता येत नाही, तो आपला माणूस.

प्रस्तुत प्रकरण आमचे शेजारी नाथाजी हवालदार (सेवानिवृत्त) यांच्या पिकअपचे आहे. गाडी नाथाजींच्या नावावर, पण चालवते त्यांची मुलगी अंकिता. दर शनिवारी भल्या पहाटे ती पाचगणीला जाते, स्ट्रॉबेरी भरते आणि दहाच्या आत सांगलीत एका आइस्क्रीमवाल्याला पोचवते. ही ऑर्डर तिने स्वतः फिरून, स्वतः बोलून मिळवलेली. आइस्क्रीमवाल्याचा नियम एकच : दोनदा उशीर झाला की माल दुसऱ्याचा. एक उशीर होऊन गेला होता.

कारण गाडीची काच. थंडीत घाट उतरताना काचेवर आतून वाफ धरते आणि त्यासाठी काचेवर हवा सोडायची सोय असते. हवा पायाकडे जावी, तोंडावर यावी की काचेवर, हे ठरवणारी एक डबी डॅशबोर्डाच्या आत असते. तिला फ्लॅपची मोटर म्हणतात. आकाराने मुठीएवढी. तिच्यातल्या प्लॅस्टिकच्या चाकाचे दात गेले की ती नुसती टकटक करते आणि हवा आहे तिथेच अडकते. इथे ती पायाकडे अडकली होती. त्या शनिवारी पसरणीच्या घाटात अंकिताने काच अकरा वेळा पुसली, नऊदा फडक्याने आणि दोनदा ओढणीने. एका वळणावर कठडा दिसला तेव्हा तो बोनेटपासून दीड हातावर होता. ही गोष्ट तिने मला सांगितली, घरी सांगितली नाही. घरी सांगितली असती तर काच नव्हे, गाडी चालवणे बंद झाले असते.

रविवारी जेवताना ती म्हणाली, “आबा, फ्लॅपची मोटर गेलीया. सांगलीत मिळती. तीन स्क्रू हायत, अर्ध्या तासाचं काम. मी बसवते.”

नाथाजी जेवता जेवता थांबले. ज्यांनी एकोणीस वर्षे सरहद्दीवर काढली, त्यांच्या आवाजात प्रथमच भीती ऐकू आली.

“धनाजी असताना?”

धनाजी म्हणजे नाथाजींच्या पत्नी बनुबाई यांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. कडेगावला त्याचे ट्रॅक्टरचे गॅरेज आहे आणि ट्रॅक्टरमध्ये त्याचा हात धरणारा कोणी नाही. तो ज्या ट्रॅक्टरांत वाढला त्यांना एसी नसतो, काच नसते आणि डॅशबोर्ड नावापुरता असतो. तेव्हा या कामाबद्दल त्याच्या मनात कसलाही पूर्वग्रह नव्हता.

सोमवारी तो आला, चहा झाला. गाडीत डोके घालून त्याने टकटक ऐकली आणि म्हणाला, “त्याला काय लागतंय!” मग स्टिअरिंगपासून सुरुवात केली. दुपारपर्यंत स्टिअरिंग, मीटर, टेप, पुढचा कप्पा आणि अखंड डॅशबोर्ड ओसरीवर चटईवर मांडला गेला. स्क्रू बनुबाईंच्या पापडाच्या डब्यात. हे सगळे न काढता खालून हात घातला की डबी निघते, असे अंकिता दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा तिला चहा आणायला पाठवण्यात आले.

दोन दिवसांत ओसरीला एकूण बासष्ट जणांनी भेट दिली. पैकी सल्ला दिला बासष्ट जणांनी आणि चारचाकी होती नऊ जणांकडे. एकतीस जणांच्या मते गॅस संपला होता, चौदा जणांच्या मते बॅटरी, तेरा जणांच्या मते पूर्वीचीच गाडी चांगली होती, आणि चौघांच्या मते दृष्ट. लिंबू-मिरची बांधण्यात आली. ओसरीवर झालेल्या कामांपैकी गाडीचे नुकसान न करणारे तेवढे एकच.

बुधवारी धनाजीने डबीची वायर तोडली आणि टकटक बंद झाली.

काय तो आनंद! बनुबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. डॅशबोर्ड परत चढला (डब्यात सात स्क्रू उरले, कंपनी जादाच लावती, असे धनाजीने सांगितले). फेटा, शाल, नारळ झाले. आमच्या भागात सत्कार झाला की काम झाले असे समजतात, आणि ही समजूत मी नोकरीत असताना शासनालाही लागू पडलेली पाहिली आहे.

“काचेवर हवा येत न्हाई,” अंकिता म्हणाली.

“आवाज येतुया का?” नाथाजींनी विचारले.

“न्हाई.”

“मग?”

शुक्रवारी सगळे एका साखरपुड्याला गेले तेव्हा अंकिताने सांगलीहून आणलेली नवी डबी काढली. पाय दाराबाहेर, डोके डॅशबोर्डाखाली, तोंडात टॉर्च. मी पहाऱ्याला. तुटलेली वायर जोडून टेप गुंडाळली, तीन स्क्रू काढले, तीन लावले. सव्वीस मिनिटे लागली. बटण फिरवले आणि काचेवर भसाभसा हवा आली. पोरगी अशी हसली की मला माझ्याच घरात काहीतरी नीट झाल्यासारखे वाटले.

परंतु नवी डबी गाडी सुरू करताना क्षणभर किर्र करते. तो तिचा धर्मच आहे. संध्याकाळी नाथाजींनी चावी फिरवली, किर्र ऐकले, आणि धनाजीला फोन लावला. “गाडी बोलतीया रं!”

सत्कार झालेला माणूस तासाभरात आला. त्याने नवी डबी ओढून काढली. “ही डुप्लिकेट हाय. कुनी बसवली?”

“मी बसवली, दादा. हवा येतीया, हात लावून बघ.”

“गप गं,” बनुबाई म्हणाल्या. “मावशीला काय वाटंल?”

अंकिताचा आवाज चढला. “त्या घाटात मी मेली असते, आई! दीड हातावर कठडा हुता. काका, तुमी हुता इथं. तुमी सांगा, हवा येत हुती का न्हाई?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. धनाजीच्या डोक्यावर फेटा नव्हता, पण असल्यासारखीच मान होती. मी घसा साफ केला आणि म्हणालो, “दोघांचंही बरोबर आहे.”

धनाजीने जुनी डबी परत बसवली, वायर पुन्हा तोडली, आणि नवी डबी कुणाला तरी दाखवायची म्हणून खिशात घालून कडेगावला गेला.

शनिवारी अंकिता सांगलीत पोचली अकरा वाजून दहा मिनिटांनी. डाव्या बाजूचा आरसा घाटात राहिला. ऑर्डर गेली. परत आल्यावर तिने चावी बापापुढे ठेवली आणि माझ्या दारावरून जाताना एवढेच म्हणाली, “तुमी बघितलं हुतं, काका.” मला त्या दिवशी जेवण गेले नाही. लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही. नाथाजींना मात्र हायसे वाटते आहे : गाडी आता अजिबात आवाज करत नाही.

हे वाचून तुमचा जीव हळहळला असेल. ‘त्यांनी गाडी आमच्या ओळखीतल्या एकाला दाखवायला हवी होती,’ असेही मनात येऊन गेले असेल. त्याचा नंबर पाठवू नका. तो आत्ता तुमच्याच घरी मिक्सर उघडून बसलेला असणार. तिकडे जा, त्याला चहा विचारा. आणि मिक्सरला काय झाले आहे हे घरातल्या ज्या बाईने तुम्हाला परवाच सांगितले होते, तिलाच चहा ठेवायला सांगा.