साहेब आमची अडचण बघायला येतात

अडचणीत राहतो हे पटवून देण्यात आपला हात कुणी धरणार नाही, अशी माझी खात्री होती. पस्तिशीच्या आतल्या गरजू जोडप्यांना स्वस्तात घर देणारी सरकारी योजना निघाली होती आणि आमची गरज खरी आहे का, ते बघायला खात्याचे साहेब येणार होते. सरकारचं मन मोठं; तरुणांना घर द्यायला तयार, फक्त ते आधी पुरेसे केविलवाणे दिसायला हवेत.

आम्ही दोघं आईबाबांच्या दोन खोल्यांत राहतो. आतली खोली आमची. म्हणजे आमची, तीन कपाटांची आणि बाबांच्या बंद कूलरची. त्या सकाळी मी तिथे ओले कपडे वाळत टाकले, दारात गाद्या रचल्या आणि साहेबांना आणायला चौकात गेलो.

परत येतो तर कपडे, गाद्या, कूलर सगळं शेजारणीकडे, आणि शेजारणीचा सोफा आमच्याकडे. आई ठेवणीतल्या कपड्यांत.

"अगं, हे काय केलंस?" मी कुजबुजलो.

"सरकारी माणसाला पसारा दाखवायचा? लोक काय म्हणतील?"

साहेबांनी तिला विचारलं, "मुलाची इथे अडचण होते का?"

"छे हो. सगळं त्याचंच तर आहे."

बायकोने मला कोपराने ढोसलं. मी म्हणालो, "साहेब, आम्हाला साधं भांडायचं तरी जिन्यात जावं लागतं."

"भांडतायत कसले," आईने खुलासा केला. "फिरायला जातात दोघं."

साहेब आतल्या खोलीत गेले. खिडकी उघडली, पंखा लावला, पलंगावर टेकले.

"उजेड छान आहे," ते म्हणाले, आणि उठायचं नावच घेईनात.

मग कळलं, साहेब माझ्याच वयाचे. पगार योजनेसाठी जास्त, बँकेच्या कर्जासाठी कमी. दिवसभर लोकांची अडचण मोजतात आणि मित्राच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी झोपतात.

आईचे डोळे भरून आले. माझी अडचण इतकी वर्षं याच डोळ्यांसमोर होती, तेव्हा ते कोरडे ठणठणीत होते.

"मग इथेच या की राहायला. हे दोघं झोपतील बाहेर."

"आई..."

"समजून घे रे जरा. त्याला घर नाहीये."

रविवारी साहेब दोन बॅगा आणि पहिल्या महिन्याचं भाडं घेऊन आले. आम्ही बाहेरच्या खोलीत, बाबांच्या घोरण्याच्या टप्प्यात. बायकोने माझ्याशी बोलणं सोडलं. एकच समाधान, आता आम्ही योजनेत चपखल बसत होतो. जेवताना मी साहेबांना तसं म्हटलं.

"गरज तर आहेच हो तुमची," ते म्हणाले. "पण मी तुमच्या घरचा भाडेकरू. नियमाने तुमच्या फाइलला मला हात लावता येत नाही."

"मग दुसऱ्या साहेबांकडे द्या."

"देतो ना. पण ते विचारणार, ज्यांना खोली भाड्याने देता येते, त्यांना घर कशाला हवंय?"

"मी तेच म्हणत होते," असं म्हणून आईने त्यांना आधी वाढलं.

वाईट एवढंच वाटतं, की मुद्दा बिनतोड होता.