काळजी न केल्याबद्दल खुलासा

"गोळी देतो, पण बाई, आधी काळजी करायचं सोडा," डॉक्टरांनी सांगितलं.

शेवंताबाईंना रागच आला. निपाणीच्या मराठी शाळेत त्या एकवीस वर्षं शिकवत होत्या, सातवीच्या अडतीस मुली त्यांच्या पदरात होत्या, आणि हा माणूस म्हणतो काळजी सोडा! काळजी म्हणजे काय चप्पल आहे, दारात सोडून आत यायला? हे सगळं त्यांनी डॉक्टरांना तिथंच सुनावलं. डॉक्टरांनी पुन्हा एकदा रक्तदाब मोजला आणि गोळी वाढवून दिली.

घरी त्यांची आत्या होती, तानुबाई. जन्मभर तंबाखूच्या वखारीत राबून आता रोज सकाळ-संध्याकाळ बुद्धविहारात जाऊन बसायची. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सकाळी उठून पाव घंटा गप बस. श्वासाकडं बघ. काळजी आली की हाकलू नगंस, तिला इचार, तू कुणाची गं? तुझी असंल तर ठेव. दुसऱ्याची असंल तर ज्याची त्याला दे."

दुसऱ्या दिवशी बाईंनी बुद्धांच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हटलं आणि डोळे मिटले. रेशनच्या दुकानापुढं लागावी तशी काळज्यांची रांग लागली. बाईंनी शिक्षकी शिस्तीनं एकेकीची हजेरी घेतली. सत्तावीस काळज्या निघाल्या. त्यांतल्या तीनच बाईंच्या होत्या, बाकी चोवीस दुसऱ्यांच्या! मन शांत होण्याऐवजी बाई संतापून उठल्या.

"आत्या, एकवीस वर्षं मी लोकांच्या काळज्या वाहतेय! हमाल हाय काय मी?"

"मग दे जा ज्याच्या त्याला."

त्या सकाळपासून बाईंनी वाटप सुरू केलं.

पहिला वाटा नवऱ्याच्या, देवाप्पाच्या, वाट्याला आला. तो बसवर कंडक्टर होता. संध्याकाळी घरी आला तो पिशवी आपटतच.

"माझा बिल्ला घरातच ऱ्हायला! संकेश्वरला चेकिंगवाला चढला. गाडीभर पब्लिकसमोर माझी शोभा झाली."

"व्हय, सकाळी बघितला मी. खुंटीवरच व्हता."

"बघितलीस? मग सांगिटली का न्हाईस?"

"बिल्ला कुणाचा?" बाईंनी शांतपणे विचारलं.

देवाप्पा आत्याकडं वळला. "आत्याबाई, हिला काय शिकवलासा?"

"मी गप बसायला शिकवलं," तानुबाई म्हणाली. "बिल्ल्याचं मला काय म्हाईत न्हाय."

शाळेत याहून मोठा घोटाळा झाला. मष्णू शिपाई घड्याळ बघून घंटा कधीच देत नसे. तास संपत आला की शेवंताबाई वर्गाच्या दारात येऊन मनगटावरचं घड्याळ बघत. ते दिसलं की मष्णू टोल हाणी. आता बाई दारात आल्याच नाहीत, त्यामुळे तिसरा तास संपलाच नाही. मैदानात पाचवीची कवायत चालली होती. पाऊण तासानं मुलांना डावं-उजवं कळेनासं झालं. दीड तासानं कवायतीचे मास्तरच खाली बसले.

मष्णू रागारागानं वर्गात आला. "बाई, आज तुमी दारात आला न्हाईसा!"

"घंटा वाजवायची कुणी?"

"मीच की. पन कवा वाजवायची ते तुमचं काम न्हवं काय?"

हेडमास्तर परशराम गुरुजी स्वभावानं गरीब. कानडी बोलायला त्यांना अडचण नव्हती, वाचायला मात्र एक ओळ म्हणजे एक घाट. तालुक्याहून आलेलं कानडी परिपत्रक शेवंताबाई आपण होऊन फोडत, धावत येत आणि वाचून दाखवत. या सोमवारीही लिफाफा आला. बाईंनी त्यावरचं नाव पाहिलं, 'मुख्याध्यापक'. लिफाफा न फोडता त्यांच्या टेबलावर ठेवला आणि वर्गावर गेल्या.

गुरुजींनी लिफाफ्याकडं पाहिलं, मग दारातून दिसणाऱ्या बाईंकडं. बाई निवांत फळा पुसत होत्या. काही महत्त्वाचं असतं तर बाई अशा असत्या का? नाहीच. गुरुजींनी लिफाफा दौतीखाली सारला. ही बातमी शिक्षकांच्या खोलीत पोचली, आणि जी तपासणी होणार म्हणून महिनाभर सगळ्यांची झोप उडाली होती, ती रद्द झाल्याचं दुपारपर्यंत पक्कं झालं. बाईंच्या चेहऱ्यापेक्षा खात्रीचा पुरावा या शाळेत दुसरा कुठला होता?

गुरुवारी तपासणीचे साहेब आले.

त्या वेळी गुरुजी शाळेमागच्या लिंबाखाली केस कापून घेत होते. डावी बाजू झाली होती, उजवी राहिली होती. मष्णूनं "सायेब!" म्हणून हाक मारताच ते गळ्यातल्या फडक्यासकट धावत सुटले. साहेब कानडी मुलखातले. ते बराच वेळ गुरुजींच्या डोक्याकडंच बघत राहिले. मग विचारलं, "पत्र मिळाला नाही काय?"

"मिळालं साहेब. दौतीखाली आहे."

रांजणात पाणी नव्हतं, हजेरीपट बंद कपाटात होते आणि किल्ली कुणाकडं आहे यावर दोन मास्तरांची जुंपली होती. फक्त सातवीच्या वर्गात सगळं ठीक होतं. मुलींनी विचारलेलं सगळं सांगितलं. खरी गोष्ट अशी, की चार दिवस बाई ओरडल्या नाहीत म्हणून मुली मनातून हादरल्या होत्या. आपण नापास होणार हे बाईंनी मान्य केलं, असं समजून त्यांनी घरी रात्रंदिवस पुस्तकं धरली होती.

साहेब गेल्यावर दोन तासांत बाईंच्या हातात गुरुजींच्या सहीचा मेमो पडला. 'आपण गेले काही दिवस शाळेची काळजी करीत नसल्याचे निदर्शनास आले आहे. याबाबत लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा, अन्यथा सेवापुस्तकात नोंद घेण्यात येईल.'

'सेवापुस्तक' या शब्दावर बाईंची नजर खिळली. बाप वखारीत हमाली करायचा. मुलीचा नेमणुकीचा कागद हातात आला तेव्हा त्यानं तो उलटा धरला होता, आणि उलटाच छातीशी लावून गल्लीभर हिंडला होता. एकवीस वर्षांत त्या पुस्तकात तांबड्या शाईचा ठिपका नव्हता. आणि आता तो पडणार कशासाठी, तर सकाळी पाव तास गप बसल्याबद्दल?

बाईंनी रजा टाकली आणि दिवसभर बसून खुलासा लिहिला. साहेबांनाही एक प्रत जाणार होती, म्हणून सगळा कानडीत लिहिला. शनिवारी तो गुरुजींच्या टेबलावर ठेवला. गुरुजींनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, ते तिथंच अडकलं.

"बाई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "जरा वाचून दाखवता काय?"

"दाखवते की!"

बाईंनी उभ्यानं, खणखणीत आवाजात, वाक्यावाक्याचं मराठी करून वाचलं. दारात मष्णू आणि झाडून सगळे मास्तर गोळा झाले. "'महोदय, शाळेची घंटा, रांजण, कपाटाची किल्ली, आपल्या नावचे लिफाफे आणि आपल्या डोक्यावरचे केस यांची काळजी करणे माझ्या नेमणुकीच्या आदेशात नाही. माझ्या अडतीस मुलींची काळजी मी करते, आणि ती साहेबांनी स्वतः तपासली आहे. माणसाने शांत राहणे हा गुन्हा असेल, तर कलम कळवावे.'"

गुरुजींनी टोपी आणखी खाली ओढली. उजवी बाजू अजून तशीच होती.

दहा दिवसांनी तालुक्याहून उत्तर आलं. लिफाफ्यावर या वेळी शेवंताबाईंचंच नाव होतं. मष्णूनं तो वर्गात आणून दिला. बाईंनी फोडला. मेमो रद्द झाला होता. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, त्या पुढं वाचू लागल्या. साहेबांनी लिहिलं होतं, की त्यांचाही रक्तदाब वाढलेला असतो आणि बाईंच्या खुलाशानं त्यांना विचार करायला लावलं. सबब, सदलग्यापासून कोगनोळीपर्यंतच्या अठ्ठेचाळीस शाळांत रोज प्रार्थनेनंतर पंधरा मिनिटं चिंतन होईल. सर्व शिक्षक काळजीमुक्त झाले की नाहीत हे पाहण्याची संपूर्ण जबाबदारी श्रीमती शेवंताबाई यांच्यावर सोपवण्यात येत आहे. शाळावार अहवाल दरमहा पाच तारखेच्या आत, तीन प्रतींत. विलंब झाल्यास कारणे दाखवावीत.

"अठ्ठेचाळीस शाळा?" बाई कडाडल्या. "ते कोगनोळीचे मास्तर रोज उशिरा येतात, ते चिंतनाला कुठले वेळेवर येणार? आणि हजेरी कोण घेणार? मष्णू! आधी कार्बन पेपर बघून ये. आणि घड्याळात किती वाजलेत? घंटा का नाही झाली अजून? ए, मागच्या बाकावर काय चाललंय? परीक्षा तोंडावर आलीय, लाज वाटते का?"

मागच्या बाकावरच्या मुलींनी एकमेकींकडं पाहिलं आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा सुटकेचा श्वास सोडला. मष्णू धावत गेला, त्यानं घंटेवर टोल हाणला आणि तसाच हेडमास्तरांच्या खोलीत शिरला.

"सर, बाई बऱ्या झाल्या."

परशराम गुरुजी क्षणभर कान देऊन ऐकत राहिले. बाईंचा आवाज व्हरांड्यातून जवळ येत होता. गुरुजींनी टोपी काढून टेबलावर ठेवली, खुर्चीला पाठ टेकली आणि समाधानानं डोळे मिटले.