गोलकीपरच्या घरचा नळ

शॉवरचा नळ बरेच दिवस ठिबकत होता आणि तो दुरुस्त करायला बाबांनी नेमका आजचा मुहूर्त काढला.

"अहो, आज राहू द्या," आई म्हणाली. "आज चिमणीचा फोन आहे."

"म्हणून तर!" बाबा पाना शोधत म्हणाले. "परदेशातली माणसं बोलणार आणि मागे टप टप टप. त्यांना वाटेल, यांच्या घरी साधा नळ धड नाही."

चिमणी म्हणजे त्यांची थोरली मुलगी. उंची सहा फूट. पंजा एवढा की त्यामागे जेवणाची ताटली झाकून जावी. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून ते नाव पडलं आणि पुढे ती दारांच्या चौकटींना डोकं आपटू लागली तरी बदलायचं कोणाला सुचलं नाही. चिमणी व्यावसायिक वॉटर पोलो खेळाडू होती, तीही गोलकीपर. म्हणजे जिथे तळाला पाय टेकत नाहीत अशा पाण्यात उभ्याउभ्या पाय मारत राहायचं आणि तोफेच्या गोळ्यासारखा येणारा चेंडू हातांनी अडवायचा. या उद्योगावर ती तीन देशांत, तीन क्लबांकडून पोट भरत आली होती. मग उजवा खांदा निखळला, ऑपरेशन झालं आणि क्लबने फुलांचा गुच्छ देऊन तिला मोकळं केलं.

तेव्हापासून ती आईबाबांकडे होती. रोज पहाटे नगरपालिकेच्या तलावावर जाऊन खांदा तयार करत होती आणि रोज दुपारी क्लबांना पत्रं लिहीत होती. सगळ्यांची उत्तरं गोड होती आणि सगळ्यांचा अर्थ एकच होता. एकाच क्लबने कळवलं होतं, 'बोलू या.' ते बोलणं आज होतं. वरून इस्त्रीचा शर्ट आणि खालून घरातला पायजमा अशा थाटात चिमणी टेबलाशी बसून मोबाइल कशाला टेकवावा याचा विचार करत होती.

बाबांचं आणि पाण्याचं मात्र पहिल्यापासून वाकडं होतं. लहानपणी एका कालव्यात त्यांचा पाय घसरला होता. पाणी गुडघाभर होतं, असं त्यांचा थोरला भाऊ सांगे. पण बाबांच्या सांगण्यात त्या पाण्याची पातळी वर्षागणिक वाढत गेली होती आणि हल्ली ती डोक्यावरून जात असे. मुलीचा सामना टीव्हीवर लागला की ते रिमोट घेऊन बसत आणि ती पाण्याखाली गेली रे गेली की टीव्ही बंद करत. घरात कोणीच कधी पूर्ण सामना पाहिला नव्हता.

बाथरूममधून आधी "झालंच!" असा आवाज आला. मग धातू तुटल्याचा आला. मग बाबांचा आला, "चिमणेऽऽ!"

चिमणी मोबाइल खिशात कोंबून धावली. नळ बाबांच्या हातात होता आणि जिथे नळ असायला हवा तिथून पाण्याचा झोत समोरच्या भिंतीवर आदळत होता. इमारतीत नुकताच नवा पंप बसवला होता. पाण्याला जोर नाही अशी तक्रार करणाऱ्यांत बाबाच पुढे होते. चिमणीने पुढे होऊन उजव्या हाताचा तळवा त्या भोकावर दाबला. झोत थांबला, बोटांच्या फटींतून फवारे उडू लागले.

"हॉलमध्ये पाणी जाईल!" असं म्हणून बाबांनी दार खस्सकन ओढून घेतलं आणि दाराची मूठ त्यांच्या हातात आली. बाहेरून आईने तिकडची मूठ फिरवली, तर ती तिच्या हातात आली. दोन्ही मुठींना जोडणारी सळई टुणकन उडाली आणि पाण्यात कुठेतरी गेली.

"ही मूठ कोणी बसवली होती?" आईने बाहेरून विचारलं.

"तो विषय आत्ता नको," बाबा आतून म्हणाले.

आईने भिजत घातलेली गोधडी बादलीतून घसरून नेमकी मोरीच्या जाळीवर बसली होती. पाणी चढू लागलं. ते पावलांना लागताच बाबा प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढले आणि भिंतीला चिकटून उभे राहिले.

"आई, गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करायला सांग!" चिमणी ओरडली. तिची भावजय चावी घेऊन जिना चढत गेल्याचा आवाज आला. त्याच क्षणी चिमणीच्या खिशात मोबाइल वाजू लागला.

"आता गं?" बाबा म्हणाले.

"बाबा, माझा हात अडकलाय. तुम्ही काढा आणि माझ्यासमोर धरा. आणि काही बोलू नका."

बाबांनी वाकून मोबाइल काढला आणि भीत भीत हिरवं बटण दाबलं. पलीकडच्या क्लबच्या मॅनेजरला आधी बाथरूमचं छत दिसलं, मग बाबांच्या नाकपुड्या, मग साबण आणि शेवटी इस्त्रीच्या शर्टात नखशिखान्त भिजलेली सहा फुटी बाई. त्याच्या शेजारी पिकल्या केसांची एक कोच बाई बसली होती. बोलणं इंग्रजीत झालं, पण त्याचा मासला असा :

"आपण... पाण्यात आहात?" मॅनेजरने विचारलं.

खोटं सांगायचं चिमणीच्या मनात येऊन गेलं. पण मागे दोरीवर आईचे परकर वाळत होते. "घरचा नळ तुटलाय," ती म्हणाली. "मी भोक दाबून धरलंय. दार बंद झालंय. हे माझे वडील. तुम्हाला चालत असेल तर असंच बोलू."

मॅनेजरने कोचकडे पाहिलं. कोच पुढे झुकली. "कोणता हात?"

"उजवा."

"ऑपरेशन झालेला?"

"हो."

"हात बदलू नका," कोच म्हणाली. तिने चष्मा लावला. "तशाच राहा आणि बोला."

मग मॅनेजर विचारत गेला आणि चिमणी उत्तरं देत गेली. मागचा हंगाम, व्यायाम, वय. खांद्यात आग पेटली होती. तिने ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही, पण हात तसूतसूने खाली यायला लागला.

"चिमणे," बाबा कुजबुजले, "कोपर पडतंय."

"बोलू नका म्हटलं ना!"

"पडतंय म्हणून सांगितलं. तू दमलीस की तुझं उजवं कोपर पडतं आणि वरच्या कोपऱ्यातला गोल जातो. ऑपरेशनच्या आधीपासून. कोपर वर."

चिमणीने कोपर उचललं. फवारे कमी झाले, खांद्यावरचा ताणही सैल झाला. तिने वळून स्टुलावरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. "तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर टीव्ही बंद करता."

"नंतर बघतो," बाबा म्हणाले. त्यांची नजर खालच्या पाण्यावर होती. "तुझा फोन येतो ना, 'सामना झाला, जेवले, आता झोपते' म्हणून, त्यानंतर. सगळी झोपली की. तेव्हा माहीत असतं की तू वर आली आहेस. मग नीट बघता येतं."

तेवढ्यात पलीकडून कोचचा आवाज आला, "ते काय म्हणाले? तुम्ही कोपर उचललंत."

"तेच म्हणाले. कोपर वर."

कोचने मॅनेजरच्या कानात काहीतरी सांगितलं. मॅनेजरने मान डोलावली, घसा साफ केला. "तर आम्ही असं ठरवलंय की..."

आणि बाथरूममधला दिवा गेला, वायफाय गेलं, मॅनेजर गेला.

झालं होतं असं, की दाराखालून पाणी हॉलमध्ये आलं, हॉलमधून टीव्हीखालच्या प्लगकडे निघालं आणि आईने शहाणपणाने मेन स्विच बंद केला होता.

"आई! चालू कर!"

"शॉक लागेल सगळ्यांना! फोन महत्त्वाचा की जीव?"

तेवढ्यात बाहेरच्या दारावर थापा पडल्या. खालच्या मजल्यावरचे वकील आले होते. त्यांच्या दिवाणखान्याच्या छतातून त्यांच्या नव्या सोफ्यावर पाणी पडत होतं. शिवाय भावजयीने गच्चीवर घाईघाईत जो व्हॉल्व्ह फिरवला, तो वकिलांच्या घरचा निघाला होता. त्यांची बायको डोक्याला शाम्पू लावून नळाखाली उभी होती आणि नळ कोरडा पडला होता.

"वरून पाणी येतंय आणि नळाला पाणी नाही!" वकील गरजले. "हा काय न्याय आहे?"

"सूनबाई, तो नाही, दुसरा व्हॉल्व्ह!" आई जिन्यात तोंड घालून ओरडली.

आत मोबाइलला रेंज नव्हती. रेंज फक्त झरोक्यापाशी यायची आणि झरोका समोरच्या भिंतीत होता. मधे पाणी होतं. बाबांच्या नडगीच्या निम्म्यापर्यंत आलं असतं, पण अंधारात ते काळं दिसत होतं.

चिमणीने हात सोडावा तर झोत पुन्हा सुटणार होता. बाबांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा तिच्या हाताकडे. मग डोळे मिटून त्यांनी एक पाय खाली सोडला, तोंडाने काहीतरी पुटपुटले, आणि दुसराही सोडला.

"बाबा, गुडघ्यालासुद्धा लागणार नाही."

"कालव्याच्या वेळीसुद्धा असंच म्हणाले होते सगळे," बाबा म्हणाले. पण ते चालत होते. भिंत धरून, पाऊल चाचपत ते झरोक्याखाली पोचले, उलट्या बादलीवर चढले आणि मोबाइल धरलेला हात त्यांनी बाहेर काढला. "आली! चिमणे, एक काडी आली! दोन आल्या! वाजतोय!"

तो वाजला तसा थरथरलाही. बाबांचा हात ओला होता. मोबाइल सुटला.

भोकातून फुरफुर आवाज येत राहिला.

"खाली वकिलांचा छज्जा आहे," बाबा अगदी बारीक आवाजात म्हणाले. "त्यावर कुंड्या आहेत. मऊ माती असते."

मोबाइल खरोखरच कुंडीत पडला होता आणि कुंडीत वाजतच होता. सोफा हलवायला घरी परतलेल्या वकिलांना खिडकीतली कुंडी वाजताना ऐकू आली. त्यांनी हात घालून मोबाइल काढला, माती झटकली आणि ज्या स्वरात ते विरुद्ध पक्षाशी बोलत त्या स्वरात इंग्रजीत म्हणाले, "कोण पाहिजे?"

पलीकडच्याने खेळाडूचं नाव घेतलं आणि आपण कोण म्हणून विचारलं.

"मी वकील," वकील म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

मॅनेजरला हायसं वाटलं. भिजलेल्या बाईशी बोलण्यापेक्षा वकिलाशी बोलणं त्याला सोयीचं होतं. त्याने सांगितलं, एका हंगामाचा करार देऊ. वकिलांनी उभ्या आयुष्यात कोणाचीही पहिली बोली मान्य केली नव्हती आणि आजचा राग अजून तसाच होता. "एक?" ते म्हणाले. "एक कशाला? सोफा... ते जाऊ द्या. एक चालणार नाही."

वर तोवर भावजयीला योग्य व्हॉल्व्ह सापडला होता. भोकातला जोर अचानक संपला आणि चिमणीने हात भोकावरून काढला. तो खाली यायलाच तयार नव्हता. डाव्या हाताने धरून उतरवावा लागला. आईने उलथन्याचं टोक दाराच्या भोकात घालून असं काही फिरवलं की दार पहिल्या झटक्यात उघडलं.

"हे आधी का नाही केलंस?" बाबांनी विचारलं.

"आधी कोणी विचारलं?"

चिमणी हॉलमध्ये येऊन खाली बसली, ओल्या फरशीवरच. "गेलं, आई," ती म्हणाली. "त्यांनी काहीतरी ठरवलं होतं. हो की नाही तेही कळलं नाही." आई टॉवेलने तिचं डोकं पुसू लागली. बाबा हातातल्या मुठीकडे बघत कोपऱ्यात उभे राहिले.

दारातून वकील आत आले. हातात मातीने माखलेला मोबाइल होता आणि चेहऱ्यावर खटला जिंकल्याची कळा.

"दोन हंगाम," ते म्हणाले. "राहायला घर. खांद्याच्या उपचाराचा खर्च क्लबकडे. आणि त्या घराच्या सगळ्या नळांची देखभालही क्लबकडे. हे कलम मी मुद्दाम घालायला लावलं. कागद संध्याकाळपर्यंत येतील. मला दाखवल्याशिवाय सही करायची नाही." मग त्यांनी छातीत श्वास भरून घेतला. "आता माझ्या सोफ्याचं बोलू."

सोफ्याचं बोलणं बराच वेळ चाललं, पण ते मनावर कोणी घेतलं नाही, वकिलांनीसुद्धा. वाळल्यावर तो नव्यासारखा झाला. त्यांच्या बायकोने त्या दिवशीच उरलेला शाम्पू आईच्याच बाथरूममध्ये, बादलीभर साठवलेल्या पाण्याने धुतला आणि जाताना चिमणीचे दोन्ही हात हातात घेतले.

जायच्या आधीच्या रविवारी चिमणी नगरपालिकेच्या तलावावर निघाली, तर बाबा दारात चपला घालून उभे. काखेत टॉवेल होता.

"उथळ भाग असतो ना तिथे?" त्यांनी विचारलं.

उथळ भागात पाणी त्यांच्या कमरेपर्यंत आलं. आई काठावरच्या बाकावर बसली आणि बसल्या क्षणापासून सूचना देऊ लागली. "अहो, घट्ट धरा! अहो, तिकडे नका! चिमणे, त्यांना सोडू नकोस गं!" बाबांनी मुलीचे दोन्ही पंजे धरले, डोळे मिटले, गाल फुगवले आणि डोकं पाण्याखाली घातलं.

चिमणीला वाटलं, लगेच वर येतील. ते आले नाहीत. काठावर आई उभी राहून हातवारे करत ओरडत होती. मग बाबा वर आले. पाणी गाळत, डोळे चोळत, चेहराभर आश्चर्य.

"अगं," ते हळूच म्हणाले, "आत काहीच ऐकू येत नाही."

त्यांनी एकदा काठाकडे पाहिलं, मोठा श्वास घेतला आणि पुन्हा बुडी मारली.