मास्तरांच्या ओठातला खडू

"सिगारेट सोडायला काय अक्कल लागते? मनावर घेतलं की सुटते!" दुकानाच्या पायरीवर उभं राहून टेलरमास्तरांनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी घोषणा केली.

मनावर घ्यायला कारणही तसंच होतं. लेकीने बजावलं होतं, "बाबा, धूर बंद होईपर्यंत नात मांडीवर मिळणार नाही!" लेक बापासारखीच हट्टी. नात रांगायला लागली, तरी आजोबांनी तिला फोटोतच पाहिलेलं. हे मास्तरांच्या जिव्हारी लागलं होतं.

"एकेक उपाय करून बघा," डॉक्टर म्हणाले होते. मास्तरांनी सगळे एकदम केले! घटाघटा पाणी प्यायले. गालात लवंग धरली. राख झाडायची वाटी शेजारणीला कुंडीखाली ठेवायला देऊन टाकली. आणि शेवटी सगळ्या गल्लीला जाहीर परवानगी दिली, "माझ्या ओठात पांढरं काही दिसलं की विचारत बसू नका, हिसकावून घ्या!" समोरच्या सलूनवाल्याने ही कामगिरी छातीवर हात ठेवून स्वीकारली. लेकीला फोन गेला, "आण नातीला! सुटली एकदाची!"

आता, शिंप्यांचा चपटा खडू बोटांतून निसटतो म्हणून मास्तर शाळेतला लांब खडू वापरत, आणि काम करताना तो ओठात धरत. ही सवय इतकी जुनी, की त्यांना ती आठवलीसुद्धा नाही.

वकीलसाहेब एका बाहीचा काळा कोट घालून आरशासमोर उभे होते. दुसरी बाही मास्तरांनी टेबलावर पसरली, वर ओलं फडकं टाकलं आणि इस्त्री टेकवली. फस्स! वाफेचा हा मोठा ढग! ढगात मास्तर, आणि मास्तरांच्या ओठात खडू!

"दगा दिलात, मास्तर!" सलूनवाला वस्तरा टाकून धावत आला. त्याच्यामागे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक, "अहो, माझा दुसरा गाल!" करत.

सलूनवाल्याने मास्तरांची मान खाली दाबली आणि हनुवटी चिमटीत धरली. त्या पकडीतून आजवर कुणी सुटलेलं नाही. मास्तरांनी खडू दातात घट्ट आवळला. बोलायला तोंड उघडावं तर खडू जाणार, आणि वकीलसाहेबांच्या खांद्याची खूण अजून व्हायची होती!

"उं! उं!"

"बघा, कशी सोडवत नाहीये!" सलूनवाला कळवळून म्हणाला. "वकीलसाहेब, तुम्ही पाय धरा!"

या धुमश्चक्रीत इस्त्री बाहीवरच राहिली. फडकं सुकलं, बाही करपली आणि दुकानातून खराखुरा काळा धूर बाहेर पडला. नेमकी तेव्हाच लेक दारात आली, कडेवर नात! धूर दिसला, बापाच्या तोंडातलं पांढरं टोक दिसलं. लेकीचा चेहरा पडला. ती मागे फिरली.

मास्तरांनी सलूनवाल्याला असा हिसडा दिला, की तो थेट कापडाच्या गठ्ठ्यावर.

"थांब पोरी! खडू आहे हा, खडू!"

आणि पुरावा म्हणून त्यांनी हाताशी लागलेल्या काळ्या कापडावर झोकात रेघ ओढली. कापड वकीलसाहेबांच्या पाठीवर होतं.

मानेपासून कमरेपर्यंत गेलेली ती रेघ पाहून लेकीला हसू आवरेना. ती आत आली, इस्त्री उचलून बाजूला ठेवली आणि नात बापाच्या हातात दिली. नातीने आजोबांचं नाक पकडलं. मास्तरांचे डोळे भरून आले, पण आवाज ताठच राहिला, "बघितलंत? याला म्हणतात निर्धार! नुसतं ठरवायचं!"

"खरंच बाबा, कमाल केलीत," लेक म्हणाली. "किती दिवस झाले सोडून?"

मास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"दिवस असे नाही... सकाळी चहानंतर सोडली."

सलूनवाल्याने गठ्ठ्यावर बसल्याबसल्याच कपाळाला हात लावला. लेकीने बाळ परत घेतलं नाही. स्टूल ओढलं आणि दारात ठाण मांडून बसली.

"अगं, किती वेळ बसणार?"

"सुटेपर्यंत!"