प्लमलीसाहेबांचे कारखानीस

मला मदत केली ती अच्युत कारखानीस यांनी. नाव आधीच सांगून टाकते. पुढं लिहिण्याच्या नादात ते राहून गेलं तर मला झोप लागायची नाही. माझा स्वभावच तसा. घराबाहेर पडताना कुलूप दोनदा ओढून बघते, आणि पासपोर्ट, व्हिसाची पत्रं, लग्नाचा दाखला असलेली प्लॅस्टिकची पिशवी कोथिंबीर आणायलासुद्धा बरोबर नेते.

कारखानीसकाका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. विमानांच्या कारखान्यात इंजिनियर होते, निम्म्याहून जास्त आयुष्य ब्रिस्टलमध्ये गेलं. डोकं अगदी शाबूत. फक्त एका मेलेल्या माणसाबद्दल ते असं बोलतात, जणू तो आत्ता कोपऱ्यावर दूध आणायला गेलाय.

"प्लमलीसाहेब आज फार चिडलेत."

"का हो काका?"

"तिसऱ्या पानावर शाई फुटली. चिडणार नाहीत तर काय?"

हे हेझेकाया प्लमली एकोणिसाव्या शतकात इथं वर्तमानपत्र काढायचे. संपादक तेच, छापणारे तेच, आणि भल्या पहाटे गोदीवर जाऊन कोणतं जहाज आलं, कोणतं गेलं ते टिपून आणणारेही तेच. शिवाय ते मेसन होते, त्यांच्या मंडळीचे प्रमुखसुद्धा. मेसन म्हणजे पुरुषांची एक जुनी मंडळी. दार लावून, ॲप्रन बांधून सभा घेतात आणि दार उघडलं की दानधर्म करतात. कारखानीसकाकाही त्याच मंडळीतले. साहेबांचं चरित्र ते अकरा वर्षं लिहितायत. चरित्रात साहेब सध्या एकोणीस वर्षांचे आहेत.

त्या मंडळीच्या सभागृहात मी साफसफाईला जायचे. भिंतीवर एका दाढीवाल्याची भली मोठी तसबीर. एकदा स्टुलावर चढून ती पुसताना मी पुटपुटले, "मेल्या, किती रे धूळ खातोस!"

मागून आवाज आला, स्वच्छ मराठीत. "रागवा खुशाल. पण अरेतुरे नको. ते प्रमुख होते."

मी स्टुलावरून पडता पडता राहिले.

पुढं ओळख वाढल्यावर मी विचारलं, "काका, ॲप्रन बांधून तुम्ही स्वयंपाक करत नाही, मग करता तरी काय?"

"ते सांगता येत नाही. शपथ आहे."

"आणि जेवायला काय असतं?"

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "भाजलेलं मांस असतं. मी बटाटे खातो. हे मात्र कुणाला सांगू नका."

आता माझं सांगते. सातवीत माझी शाळा सुटली. आई आजारी, पाठची तिघं लहान, भाकरी कोण थापणार? नवरा इथं एका हॉटेलात शेफ झाला, त्याच्यामागं मी आले. इथं कायम राहायचं तर इंग्रजी बोलण्याची परीक्षा द्यावी लागते. मी दोनदा नापास झाले होते. परीक्षकानं "गुड मॉर्निंग" म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. व्हिसा संपायला चार महिने उरले होते. नवरा इथं, मी तिकडं, आणि मुलगी कुठं? रोज पोळ्या लाटताना हेच डोक्यात.

काकांना हे कळलं तेव्हा त्यांनी डायरी उघडली आणि म्हणाले, "मिसेस वाघमारे, दर गुरुवारी चार वाजता. साडेतीनला नाही, साडेचारला नाही." मला ते कायम मिसेस वाघमारे म्हणत आणि अहोजाहो करत. कामाच्या बाईलाही साहेब मिसेस लावूनच हाक मारायचे म्हणे.

पुस्तक कुठलं? तर साहेबांच्या वर्तमानपत्राच्या झेरॉक्स. दुसरी इंग्रजी त्यांना शिकवायला येतही नसावी. मी बोट ठेवून वाचायचे, अडले की काका टेबलावर पेन्सिल वाजवायचे, पण अर्थ सांगायचे नाहीत. "साहेबांना विचारा. पुढच्या ओळीत सांगतात ते." आणि खरंच, पुढच्या ओळीत कळायचं.

परिणाम काय झाला ते ऐका. बसमधून उतरताना ब्रिस्टलची माणसं ड्रायव्हरला "चिअर्स, ड्राइव्ह" म्हणतात. मी म्हणाले, "सर, आय ॲम ग्रेटली ऑब्लाइज्ड टू यू." ड्रायव्हरनं बस तशीच उभी ठेवली आणि नसलेली टोपी काढून मला वाकून नमस्कार केला. दवाखान्यात फोन करून मी "आय ॲम मच इनडिस्पोज्ड" असं कळवलं, तर तिकडची बाई म्हणाली, "सॉरी, माय लव्ह, कुठं दुखतंय ते सांग."

काकांचं आणखी एक वेड म्हणजे त्यांचं स्वतःचं वर्तमानपत्र. 'स्टेअरकेस ॲडव्हर्टायझर', दैनिक, एकच प्रत, हाती लिहिलेली, फ्लॅटच्या दाराला टाचण्यांनी लावलेली. "संपादकाचं चरित्र लिहायचं तर रोज अंक काढल्याशिवाय त्याचं दुखणं कसं कळणार?" असं त्यांचं म्हणणं. त्यात अग्रलेख असे, हवामान असे, आणि अग्रलेखात बहुतेक वेळा खालच्या मजल्यावरचा ब्रायन असे. हा ब्रायन निवृत्त प्लंबर. कचऱ्याचा डबा चुकीच्या वारी बाहेर ठेवायचा, एवढाच त्याचा गुन्हा.

"या इसमानं नागरी जीवनाला काळिमा फासला आहे," असं सकाळी छापून यायचं. संध्याकाळी काका त्याच ब्रायनकडं वाटीभर चिवडा घेऊन जायचे. कारण साहेबांचंही तसंच होतं. दुसऱ्या वर्तमानपत्राच्या संपादकाला ते सकाळी खोटारडा म्हणायचे, आणि तो त्यांच्याच मंडळीतला, म्हणून संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून जेवायचे. सभेत भांडण न्यायचं नाही, असा मेसन लोकांचा नियमच आहे.

ब्रायनला मी एकदा दारापाशी चष्मा लावून अंक वाचताना पाहिलं. मला म्हणाला, "अच्युत या आठवड्यात जरा मऊ पडलाय. त्याची तब्येत बरी आहे ना?" आणि दुसऱ्या दिवशी त्यानं मुद्दाम दोन डबे बाहेर ठेवले.

परीक्षेत एका विषयावर आपणहून बोलायचं असतं. नवरा म्हणाला, "दिवाळी घे. नाहीतर पोहे. सगळ्या बायका पोहेच सांगतात आणि पास होतात."

"मी प्लमलीसाहेब घेणार."

"कोण?"

सांगितल्यावर त्यानं कपाळावर हात मारला. "अगं, मेलेल्या गोऱ्याच्या पायी घर मोडशील!"

त्याचं खोटं नव्हतं. पण पोह्यांवर बोलायचं म्हटलं की मला मोहरी, कढीपत्ता, सगळ्यांची इंग्रजी नावं आठवावी लागत. साहेबांबद्दल आठवावं लागत नव्हतं. ते आमच्या घरातलेच झाले होते.

परीक्षेच्या दिवशी समोर चष्म्यातली एक बाई. मी पिशवी छातीशी धरून बसलेली. तिनं विचारलं, "आज इथं कशा आलात?"

मी म्हणाले, "मॅडम, आय अराइव्ह्ड बाय द ऑम्निबस."

बसचं हे साहेबांच्या काळातलं नाव. तिचं पेन थांबलं. संपलं, वाटलं मला. तेवढ्यात डोक्यात टेबलावर पेन्सिल वाजली. पुढच्या ओळीत सांगतात ते. मी पुढची ओळ म्हटली, मग त्याच्या पुढची. साहेब पहाटे गोदीवर कसे जायचे ते सांगितलं. वादळात एक जहाज परत आलं नाही, तेव्हा खलाशांच्या बायका छापखान्याच्या पायरीवर येऊन बसल्या, आणि बातमी नसतानाही साहेबांनी त्या जहाजाचं नाव रोज छापलं, 'अजून वाट पाहत आहोत' असं खाली लिहून, हे सांगितलं. बाई लिहायचं विसरली. म्हणाली, "मग? आलं का ते जहाज?"

"नो, मॅडम," मी म्हणाले. "बट दे वेअर नॉट अलोन ऑन द स्टेप."

हे वाक्य साहेबांचं नव्हतं. माझं होतं.

त्याच सकाळी निकाल हातात पडला तशी मी बस पकडली आणि थेट काकांचा जिना चढले. वार गुरुवार नव्हता, वाजले होते अकरा. दारावरच्या अंकात जहाजांच्या धर्तीवर लिहिलं होतं, 'निर्गमन: मिसेस वाघमारे, परीक्षेकडे. वारा अनुकूल.'

दार उघडून काकांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. "काय गं पोरी, झालीस ना?"

पहिल्यांदाच मला 'गं' म्हणाले. मी मान डोलावली. "विशेष अंक!" म्हणून ते आत वळले. "त्या कपाटातून कोरे कागद काढ. खालच्या खणातून."

खालच्या खणात कोरे कागद नव्हते. जुने अंक होते, दोऱ्यानं बांधलेले गठ्ठे. काही महिन्यांपूर्वी मला ती इंग्रजी वाचता आली नसती. प्रत्येक अंकात तळाशी एक सदर होतं. आगमन: कोणी नाही. आगमन: कोणी नाही. आगमन: पोस्टमन, चुकीच्या दारी. आगमन: कोणी नाही. आगमन: ब्रायन, डब्यावरून भांडायला, वीस मिनिटं थांबला. वरच्या एका गठ्ठ्यापासून दर गुरुवारी 'आगमन: मिसेस वाघमारे, चार वाजता.' एकदा मी उशिरा गेले होते. त्या दिवशी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'अजून वाट पाहत आहोत,' आणि मग ते खोडून शाईनं माझं नाव.

सगळ्यात खाली पहिला अंक होता. अग्रलेख नाही, हवामान नाही. 'निर्गमन: शालिनी. आगमन: कोणी नाही.'

शालिनीकाकू म्हणजे दिवाणखान्यातला हार घातलेला फोटो. त्यांच्याबद्दल मी कधी विचारलं नव्हतं.

मी गठ्ठे होते तसे ठेवले. कागद वरच्या खणात सापडले. काका शाई भरत होते. पाठ माझ्याकडं होती.

"आता तुला गुरुवारी यायचं कारण उरलं नाही," ते म्हणाले. "साहेबांना मी तसं सांगितलंय."

"मग त्यांना सांगा, त्यांची बातमी चुकली," मी म्हणाले. "चार वाजता. साडेतीनला नाही, साडेचारला नाही."

काकांनी डायरी उघडली आणि पुढच्या गुरुवारी चार वाजता असं लिहिलं.

एवढ्यानं काकांचे उपकार फिटत नाहीत, हे मला कळतं. म्हणून इथं लिहूनच ठेवते. माझी इंग्रजी अजून कच्ची आहे, पण एक दिवस 'स्टेअरकेस ॲडव्हर्टायझर'चा एक अंक मी काढणार, माझ्या हातानं. त्या दिवशी माझा नवरा, मुलगी, ब्रायन, मंडळीतले ॲप्रनवाले आणि जमला तर तो बसवाला, सगळ्यांना मी तो जिना चढायला लावणार. आगमनाचं सदर इतकं लांब होईल, की डब्यांच्या अग्रलेखाला त्या अंकात जागाच उरणार नाही.