मुठीत मावेल तेवढा पक्षी

बडोद्यात आमच्या मांजलपूरच्या सोसायटीत स्कूटरवर बसताना कुणी हेल्मेट घालत नाही. पुढच्या चौकात पोलिस उभा आहे अशी खात्रीची बातमी आली तरच ते डिकीतून बाहेर येतं. आमच्या शेजारचे दिघेकाका मात्र रोज सकाळी पायी दूध आणायला जातात ते डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवून. कोयलीच्या रिफायनरीत नोकरीला असताना वापरायचे तसलं, हनुवटीखाली पट्टा असलेलं. सोसायटीत नवा भाडेकरू आला की काही दिवस त्यांच्याशी फार आदबीनं वागतो. रस्त्याच्या कामावरचे कुणी मोठे साहेब असावेत असा त्याचा समज होतो. मग एक दिवस कडुलिंबाच्या झाडावरून कावळा सुटतो, हेल्मेटवर टक्कन चोच मारून जातो, आणि काका वर न बघता "गुड मॉर्निंग" म्हणून पुढे चालू लागतात.

हे वैर जुनं आहे. ते कळायला आधी काकांची बाग कळली पाहिजे. बाग म्हणजे काय, तर टेनामेंटच्या मागच्या भिंतीलगतचा जमिनीचा पट्टा. आमच्याकडे भिंतीला भिंत लावून बांधलेल्या बैठ्या घरांना टेनामेंट म्हणतात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला मागे असा एक पट्टा येतो. कुणी तिथं फरशी घालून वॉशिंग मशीन ठेवतं. आम्ही मोडक्या सायकली ठेवतो. काकांनी अडुळसा, जास्वंद, मेंदी आणि मधुमालती लावून ती जागा लहान पक्ष्यांना देऊन टाकली आहे.

लहान म्हणजे किती लहान, याचा काकांचा कायदा आहे. "मुठीत मावेल तेवढाच पक्षी. त्याच्या वर ओव्हरसाइझ. सिस्टिममध्ये बसत नाही." चिमणी बसते. मुनिया बसते. शिंपी आणि शिंजीर बसून वर जागा उरते. बुलबुल जरा मुठीबाहेर येतो, पण त्याची वागणूक चांगली म्हणून त्याला सवलत आहे. साळुंकी, कबूतर आणि कावळा नामंजूर.

कायदा नुसता तोंडी नाही. दाणे ठेवायला काकांनी जाळीचा पिंजरा केला आहे. जाळीतून चिमणी आत जाईल पण कबुतराचं फक्त डोकं जाईल, असा हिशेब. जाळी विकत घ्यायला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. दुकानात पोचल्यावर काकांनी खिशातून एक लिंबू काढलं आणि ते प्रत्येक जाळीच्या भोकातून आरपार घालून बघायला सुरुवात केली. दुकानदार बराच वेळ सहन करत होता. शेवटी म्हणाला, "काका, लिंबू मूकवा माटे जाळी जोईए छे?" काका म्हणाले, "लिंबू नथी भाई, चकली छे." चकली म्हणजे गुजरातीत चिमणी. दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

नोकरीतून निवृत्त झाले तरी प्लांट त्यांच्या अंगातून गेलेला नाही. दाण्यांना ते 'फीड' म्हणतात, सकाळच्या वेळेला 'फर्स्ट शिफ्ट'. एकदा पुण्याला लग्नाला जाताना त्यांनी बागेचा चार्ज माझ्याकडे दिला. हातात किल्ली ठेवून निघून जातील तर ते काका कसले! मला मागे उभं करून बाजरी किती, राळे किती, तांदळाची कणी कधी, सगळं माझ्याकडून म्हणवून घेतलं. "आणि पाण्याची लेव्हल लक्षात ठेव. कुंड्यात पाणी चिमणीच्या गुडघ्याएवढं." चिमणीचा गुडघा कुठं असतो हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी अंदाजानं पाणी ओतलं. पुण्याहून फोन आला तो मंगल कार्यालयातून, मागे सनई वाजत होती. "ऑपरेशन नॉर्मल?" मी म्हटलं, "नॉर्मल." वधूवरांवर अक्षता पडत असताना या माणसाला बडोद्यातल्या बाजरीची काळजी!

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, सगळं बडोदं अगाशीवर चढतं. वरती पतंग, खाली उंधियू. काका तेवढे जमिनीवर असतात. लांब काठीला आकडा बांधून झाडांत अडकलेला मांजा काढत हिंडतात, कारण तो पंखात गुंततो. अगाशीवरून पोरं ओरडतात, "काका, आ उंमरे पतंग लूटो छो?" काका शांतपणे मांज्याचा गुंडाळा पिशवीत टाकतात आणि पुढच्या झाडाखाली जातात. सण संपून लोक कामाला लागले तरी त्यांची काठी झाडांतून फिरत असते.

आता कावळे. एका उन्हाळ्यात अडुळशात बुलबुलानं घरटं केलं होतं. पिल्लांना पिसं फुटायला लागली आणि एका दुपारी कावळ्यानं ती नेली. काकांनी ताट वाजवलं, नळी घेऊन पाणी मारलं, चपला फेकल्या. पिल्लं वाचली नाहीत. तेव्हापासून आमच्या हद्दीत कावळा दिसला की काकांचं ताट वाजलंच. पण कावळा काही विसरणारा प्राणी नाही. कावळ्यांनी काकांचा चेहरा नीट बघून ठेवला आणि आपल्या नातेवाइकांनाही दाखवला. काका बाहेर पडले की हल्ला. डोक्याला खोक पडली तेव्हा अक्कांनी हळद दाबता दाबता म्हटलं होतं, "आबांनी टपली मारली असेल. नमस्कार कर, मुकुंदा."

अक्का म्हणजे काकांची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा अक्कांनी मराठी शाळेत नोकरी धरली आणि धाकट्या भावाला वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही. भावाचंही झालं नाही. पाळ्यांच्या नोकरीत ते राहून गेलं असं काका सांगतात. दोघंच त्या घरात राहिली. अक्कांचा नेम असा की दुपारी जेवायला बसण्याआधी मागच्या भिंतीवर कावळ्याला घास ठेवायचा. म्हणजे एकाच पट्ट्यात भाऊ कावळे हाकलतो आणि बहीण त्यांना बोलावते. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे भांडण आम्हाला रोज फुकट ऐकायला मिळायचं.

"अक्का, तुझा कावळा माझ्या चिमण्यांची अंडी खातो."

"माझा कसला? आईआबांचा घास आहे तो."

"त्यांना आत ताट वाढ. भिंतीवर नको."

"अरे, मी गेले की माझा घास न्यायला कोण येणार? तुझा शिंजीर?"

पण काकांचं ताट जास्त जोरात वाजत असे. हळूहळू कावळ्यांनी ती भिंत सोडली आणि अक्कांचा घास संध्याकाळपर्यंत तसाच वाळून जायला लागला. घास ठेवायचा मात्र अक्कांनी सोडला नाही.

अक्का गेल्या तेव्हा काका फार रडले वगैरे नाहीत. दहाव्याला घाटावर कावळा लगेच शिवला. तिथले कावळे काकांना ओळखत नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे पिंजऱ्यात बाजरी पडल्याचा आवाज आला आणि आम्हाला वाटलं, चला, माणूस सावरला. मी एकदा विचारलं, "काका, एकट्यानं करमतं का?" तर म्हणाले, "सकाळी चिमण्या असतात ना. घरात कुणी बोलतंय असं वाटतं. दुपारची मात्र पंचाईत होते." त्यानंतर मी दुपारी अधूनमधून चहाला जायला लागलो.

वर्षश्राद्ध झालं आणि त्यानंतरचा पितृपक्ष आला. सर्वपित्रीला काकांनी घरीच पान ठेवायचं ठरवलं. सकाळपासून स्वयंपाक चालला होता. वडे, खीर, भात, कढी, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. माझी बायको मेघना मदतीला गेली तर तिला फक्त आळूवड्या कापू दिल्या. मेंदीत त्या वेळी मुनियाची पिल्लं होती. कावळ्याला बोलवायचं तर ती डोळ्यांआड करायला हवीत, म्हणून काकांनी अक्कांचं एक जुनं सुती पातळ मेंदीवर पसरलं. मागून मुनियाला येण्याजाण्याची वाट ठेवली. मग भिंतीवर पान ठेवून हात जोडले आणि आयुष्यात पहिल्यांदा कावळ्यांना हाक मारली. "काव काव" म्हणताना त्यांचा आवाज इतका अवघडला होता की मेघना आत निघून आली.

कावळे आले नाहीत. आले नाहीत म्हणजे काय, समोरच होते. शेजारच्या हंसाबेनच्या अगाशीवर ओळीनं बसून त्यांच्या घरचा श्राद्धाचा दूधपाक खात होते. काका घरात जाऊन बसले तरी एकही इकडे वळेना, कारण काकांना राहवायचं नाही आणि ते खिडकीतून डोकावायचे. डोकं दिसलं की कावळे ओरडत उडायचे. दुपार कलायला लागली. पान शिवल्याशिवाय काका जेवणार नव्हते, आणि त्यांना साखरेची गोळी उपाशी पोटी चालत नाही.

हंसाबेन पान आपल्याकडेच आणून ठेवायला सुचवत अगाशीवरून म्हणाल्या, "काका, कागडा तो बधा अमारे त्यां छे. तमारी थाळी अहीं मूकी जाओ ने!"

"ना बेन," काका म्हणाले. "अक्का कोईना घरे जमती नहोती."

अक्का कुणाच्या घरी जेवत नसत हे खरं होतं. अक्का कुणाच्या लग्नामुंजीला गेल्या तरी आहेर देऊन, पाणी पिऊन परतायच्या. आम्ही सगळे त्याला त्यांचं सोवळं समजत होतो.

काका ओट्यावर बसले. चेहरा पार उतरला होता. म्हणाले, "मीच हाकललं रे. पक्ष्यांची इतकी वर्षं सेवा केली, आणि तिचा घास न्यायला एक पक्षी नाही माझ्या घरी."

मी भीतभीतच म्हटलं, "काका, ते तुम्हाला घाबरतात. तुम्ही थोडा वेळ लांब गेलात तर?"

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि उठले. आत जाऊन हेल्मेट घालून आले. मी म्हटलं, "आता हे कशाला?"

"त्यांना दिसायला नको का, मी गेलो ते?"

आणि भर उन्हात ते पिवळं हेल्मेट सोसायटीच्या मधल्या रस्त्यानं निघालं. वेगानं नाही, चांगलं सावकाश, मान ताठ ठेवून. कडुलिंबाजवळ कावळ्यांनी त्यांना गाठलं. टक्, टक्, दोन चोची बसल्या. काकांनी हात वर केला नाही. वळून बघितलंही नाही. कावळे त्यांना फाटकापर्यंत पोचवून परत आले.

मी आमच्या खिडकीमागे उभा होतो. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एक कावळा भिंतीच्या टोकाला बसला. मान वाकडी करून त्यानं काकांच्या खिडकीत बघितलं. दोन उड्या मारून पुढे आला, आणि वडा उचलला. मेघनानं डोळ्याला पदर लावला. मग दुसरा आला, तिसरा आला. मी चपला अडकवून पळतच निघालो.

काका दुधाच्या बूथजवळच्या बाकावर बसले होते. दुपारचं बूथ बंद होतं आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"काका, शिवला! चला घरी."

त्यांनी डोळे मिटले. मग विचारलं, "काय घेतलं?"

"आधी वडा. मग खीर. मी निघालो तेव्हा भात चालला होता."

"म्हणजे अजून जेवतेय?"

"हो."

"मग बस जरा."

मी बसलो. त्यांना भूक लागली होती. मी पुन्हा म्हटलं, "चला ना काका, तुमची गोळी राहिली आहे."

"माझी पाळी कुठलीही असो," काका म्हणाले, "सकाळची, दुपारची, रात्रीची. मी आलो की ती तवा चढवायची. म्हणून कुणाकडे जेवायला थांबायची नाही. मी गरम पोळी खायचो आणि आणखी एक माग, आणखी एक माग. माझं पान उचलल्यावर ती बसायची, उरलेलं गार घेऊन. आणि बसली रे बसली की मी आतून काहीतरी मागायचो. पाणी दे, चष्मा कुठाय. ती भरल्या ताटावरून उठायची."

लांबून, आमच्या घरांच्या बाजूनं, कावळ्यांची काव काव ऐकू येत होती. मी उठायला लागलो तर काकांनी माझा हात धरला.

"थांब. सावकाश जेवू दे तिला. मी घरात शिरलो की उठेल ती."